टी-आरएनए नव्हे!

महोदय,

रविवारच्या पुरवणीतला रायबोसोमवरचा, म्हणजे पेशीतल्या प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रावरचा, लेख सोमवारी पुन्हा वाचला. पहिल्या खेपेस वाटलं, चष्मा बदलायला झाला. चष्मा ठीक आहे. ‘स्टॉप कोडॉनला जुळणारा टी-आरएनए येऊन साखळी तोडतो’ असंच छापलंय.

रायबोसोम एम-आरएनएवरचा संदेश तीन-तीन अक्षरांच्या शब्दांत, म्हणजे कोडॉनमध्ये, वाचतो. कोडॉनला जुळणारा टी-आरएनए एकेक अमिनो आम्ल आणतो नि प्रथिनाची साखळी वाढते. स्टॉप कोडॉन हा संदेशातला पूर्णविराम. अहो, जुळणारा टी-आरएनए नसतो म्हणूनच तर तो स्टॉप! तिथे येऊन बसतात ती प्रथिनं, रिलीज फॅक्टर. बॅक्टेरियात आरएफ-१ हा रिलीज फॅक्टर यूएए आणि यूएजी हे स्टॉप कोडॉन ओळखतो, आरएफ-२ यूएए आणि यूजीए. शास्त्रज्ञ मारिओ कॅपेची यांनी रिलीज फॅक्टर वेगळा काढून दाखवला तो १९६७ साली. पुरवणीपर्यंत बातमी पोचायला वेळ लागणारच म्हणा. आणि ‘बससारखा रायबोसोम पुढच्या थांब्याकडे निघतो’ हे तर फारच झालं. साखळी सुटली की आरआरएफ आणि ईएफ-जी ही प्रथिनं मिळून रायबोसोमचे दोन भाग वेगळे करतात. प्रवासी उतरल्यावर टप एकीकडे नि चाकं दुसरीकडे होणारी बस पणजीच्या स्टँडवर मी तरी पाहिलेली नाही.

एवढा राग का आला, ते सांगतो. वीसेक वर्षांपूर्वी बारावीचे पेपर तपासायला बसलो होतो. एका उत्तरपत्रिकेत ‘टी-आरएनए नव्हे, रिलीज फॅक्टर’ असं लिहून खाली पेन्सिलीनं दोन रेघा मारलेल्या. पट्टी लावून. आदर्श उत्तरात मात्र तुमच्या लेखातलीच चूक. उठून वरिष्ठांकडे गेलो. ते म्हणाले, ‘‘सर, छापलंय तसं तपासा, गठ्ठे संपवायचेत.’’ मी दोन गुण कापले. शेजारची लाल सही माझीच. मूल कुठलं, पुढे काय झालं, माहीत नाही. बैठक क्रमांक तेवढा बरेच दिवस डोक्यात होता.

लेखात पुढे ‘अडकलेला रायबोसोम मरतो’ असंही आहे. मरत नाही. एम-आरएनए मध्येच तुटलेला असला, स्टॉप कोडॉनच उरला नसला, तर एसएमपीबी नावाच्या प्रथिनाला घेऊन टीएम-आरएनए हा सुटका करणारा आरएनए येतो. हे मी वर्गात अबोलीच्या फातीवर, म्हणजे दोरात गुंफलेल्या फुलांच्या गजऱ्यावर, शिकवायचो. फाती करताना दोर संपला की आई नवा जोडायची. टीएम-आरएनए तर पहिलं फूलही आपलंच आणतो: ई. कोलाय या बॅक्टेरियात एक अ‍ॅलनिन त्याचं, पुढची दहा अमिनो आम्लं त्याच्या दोरावर, आणि शेवटी त्याचाच स्टॉप कोडॉन. रायबोसोम मोकळा. ही अकरांची शेपटी दिसली की अर्धवट प्रथिनाचा फडशा पाडणारी विकरं तयारच असतात. टीएम-आरएनए नसला तर एआरएफए हे प्रथिन येऊन बसतं आणि बोलावतं कुणाला? आरएफ-२ला. पुन्हा रिलीज फॅक्टरच!

जाता जाता. लेखाखाली ‘उर्वरित मजकूर पान ६ वर’ असं होतं. पान ६ वर स्विमिंग पूलवाल्या बंगल्यांची पानभर जाहिरात. लेख ‘या संशोधनामुळे’ इथेच लटकलाय. उरलेलं वाक्य छापाल तेव्हा दुरुस्तीही छापा. पहिल्या पानावर नको, पण निधनवार्तांच्या खालीही नको.

आपला,
एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षक,
म्हापसा