फायकसशेजारी गोकर्ण लावताना

मा. संपादक,
कुंपणाच्या भिंतीला चिकटलेल्या फायकस वेलीच्या बुंध्याशीच अनेकजण गोकर्ण लावतात आणि तो खुरटला की नर्सरीवाल्याला बोल लावतात. खरी अडचण मुळांच्या गर्दीची! रोप बुंध्यापासून दोन-अडीच फूट दूर, उन्हाच्या बाजूला लावून काठीच्या आधाराने तिरके भिंतीकडे न्यावे. खड्डा दीड फूट खोल. फायकसच्या बाजूने त्यात शहाबादी फरशीचा तुकडा उभा गाडावा. खड्डा भरायच्या मातीत शेणखत चौथा हिस्साच पुरे, जास्त झाले की नुसती पाने माजतात. फायकसच्या भिंत सोडून बाहेर आलेल्या जाड, आडव्या फांद्या दिसताच कापाव्यात (चिकाने खाज सुटते, हातमोजे घाला). मधुमालती मात्र इथे नकोच. ती दोघांनाही झाकून टाकते.

– एक वाचक, पुणे