लाल मातीचा टेम्पो नको

पुणे, २० फेब्रुवारी

प्रिय अविनाश,

गच्चीवर विटांचे वाफे बांधून टेम्पोभर लाल माती चढवायचा तुझा बेत आधी रद्द कर. फूटभर खोलीची ओली माती दर चौरस मीटरला ५०० किलोंच्या पुढे जाते आणि वापरातल्या गच्चीसाठी भारतीय मानकात भार धरतात तो साधारण १५० किलो. शिवाय ती माती दोन उन्हाळ्यांत विटेसारखी घट्ट होते. मग वर पाणी साचतं आणि खाली मुळं कोरडीच राहतात.

त्याऐवजी क्रेटमध्ये पाला कुजवून त्यातच भाजी लाव. त्यासाठी पालापाचोळा गोळा कर, आणि आत्ताच. पानगळ सुरू आहे. मार्चअखेर सगळा पाला झाडलोट करणाऱ्यांच्या शेकोटीत गेलेला असेल. पर्जन्यवृक्षाची बारीक पानं सगळ्यांत लवकर कुजतात, पिंपळाचीही चांगली. आंबा, वड, फणस यांची पानं जाड असतात, ती पोत्यात घालून पायाने चुरडायची. निलगिरी मात्र घेऊ नकोस. रसवंतीवाल्याकडे उसाचं चिपाड फुकट मिळतं. मुंबईत डॉ. आर. टी. दोशींनी गच्चीवरच्या शेतीसाठी तेच वापरलं होतं. फक्त ते रात्रभर पाण्यात बुडवून मग वाळव, नाहीतर उरलेल्या साखरेला मुंग्यांची रांग लागते.

भाजीवाल्यांचे जुने प्लास्टिक क्रेट घे, एकेक साधारण ५० लिटरचा. आतून हिरवी शेडनेट लाव म्हणजे पाला जाळीतून सांडणार नाही. क्रेट विटांवर ठेव, थेट फरशीवर नको. खालून तांबूस पाणी झिरपतं, त्याचे डाग पडतात, आणि चुरा वाहत जाऊन पन्हाळीचं तोंड तुंबतं. पन्हाळीवरही जाळी बसव. क्रेटची रांग कठड्याच्या कडेने, तुळयांवर येईल अशी लाव. पानांचं खत पाणी प्याल्यावर अगदीच हलकं राहत नाही. इमारत जुनी असेल तर इंजिनिअरला दाखवूनच मांड.

आता भरणी. तळाला भिजवलेल्या नारळाच्या शेंड्या, दोन इंच. त्यावर दाबून चार इंच पाला, त्यावर इंचभर ओला कचरा, मूठभर जुनं खत, पुन्हा पाला. असं काठोकाठ. कचरा एक भाग तर पाला निदान दोन भाग, वजनाने नव्हे, घमेल्याने मोजून. भाजीची देठं, सालं इंचभर चिरून टाकायची. साखरेचा चहा असेल तर चोथा धुऊन. तेलकट, शिजलेलं, दुधाचं काही नाही. चांगली माती घालायचीच असेल तर दहावा हिस्सा पुरे.

विरजणासाठी १० लिटर पाण्यात १ किलो ताजं शेण, १ लिटर गोमूत्र आणि ५० ग्रॅम काळा गूळ कालव. तीन दिवस रोज तीनदा ढवळायचं, चौथ्या दिवशी दहापट पाणी घालून थरांवर शिंपडायचं. याला अमृतजल म्हणतात.

तीन-चार आठवड्यांत क्रेट निम्मा खाली बसेल. घाबरू नकोस, वरून पुन्हा भर. एका क्रेटला दोन पोती पाला सहज लागतो. ओलाव्याची परीक्षा एकच: मूठभर घेऊन घट्ट पिळायचं. एक-दोन थेंब आले तर ठीक, धार लागली तर पाणी जास्त. आंबूस वास आला की आत हवा नाही असं समज. उकरून सुका पाला मिसळ. मुंग्या झाल्या तर कोरडं पडलंय. चिलटं दिसली तर कचरा उघडा राहिलाय, वर दोन इंच पाला पसर. करड्या, चपट्या, वळवळणाऱ्या अळ्या दिसल्या की लोक क्रेट फेकून देतात. त्या कचराच खातात, राहू दे. पांढरी, जाड, इंग्रजी ‘सी’सारखी वळलेली हुमणी मात्र वेचून काढ, ती मुळं कुरतडते.

अर्धवट कुजलेल्या पाल्यात पेरण्याची घाई बहुतेक सगळे करतात. आत कुजण्याची ऊब असते आणि पाला कुजवणारे जिवाणू नत्र स्वतःच ओढून घेतात, म्हणून रोपं पिवळी पडून खुंटतात. ‘खत कमी पडलं’ म्हणून मग वर आणखी कच्चा कचरा टाकतात, आणि दुखणं वाढतं. पानं ओळखू येईनाशी झाली, रंग काळपट आणि वास पहिल्या पावसाचा आला की पेर. आता भरलेले क्रेट मेअखेर तयार होतील, म्हणजे जूनच्या वेलांना बरोबर. मेथी-पालकाला सहा इंच खोली पुरते, वांगी-टोमॅटोला फूटभर, दुधीला दीड फूट. त्यामुळे दुधीसाठी क्रेटऐवजी मोठा पिंप बघ.

रोपांवर मावा किंवा पिठ्या ढेकूण ही कीड आली तर १ लिटर पाण्याला ५ मिली कडुनिंबाचं तेल. आधी तेलात रिठ्याचं पाणी किंवा मिलीभर द्रव साबण घोटून घे, नाहीतर तेल वर तरंगतं आणि पानं भाजतात. फवारणी संध्याकाळी, आठवड्याने पुन्हा, आणि कालवलेलं त्याच दिवशी संपवायचं. पण पानावर ढालकिडे फिरत असतील तर चार दिवस थांब, ते फुकटात मावा फस्त करतात.

आणि तुझ्या चौथ्या मजल्यावर दुधीची इवली फळं पिवळी पडून गळतील, तेव्हा खत बदलू नकोस. परागीभवन झालेलं नसतं. दुधीची आणि दोडक्याची फुलं संध्याकाळी उमलतात, पतंग तिथवर आले नाहीत तर काम आपलंच. सरळ देठाचं नरफूल तोडून, पाकळ्या काढून, खाली इवला दुधी असलेल्या मादीफुलात अलगद फिरव. कारली, काकडी, लाल भोपळा यांचं हेच काम सकाळी.

गच्चीची लांबी-रुंदी आणि ऊन किती तास येतं ते कळव. त्यावरून क्रेट किती घ्यायचे ते सांगतो. पोती मात्र या रविवारीच भरायला घे.

तुझा,
श्रीधर