19 आणि 20 टक्क्यांच्या मध्ये अडकलेला गुडघा : संरक्षणमंत्र्यांना खुलं पत्र

माननीय संरक्षणमंत्री साहेब,
जय हिंद.

24 वर्षं इन्फंट्रीत काढून हवालदार म्हणून पेन्शनवर आलोय, अपंगत्व पेन्शनचे 2023 चे नवे नियम यायच्या आधी. रात्रीच्या पेट्रोलिंगला पाठीवर वजन असताना पाय घसरला, उजव्या गुडघ्याचं लिगामेंट तुटलं, ऑपरेशन झालं आणि शेप-1 म्हणजे पूर्ण फिट असलेला मी लो मेडिकल कॅटेगरीत आलो. इंजुरी रिपोर्टमध्ये ड्युटीवर लागलं असं स्पष्ट लिहिलंय, ते मेडिकल बोर्डानेही मान्य केलंय. माझं भांडण फक्त अपंगत्व किती टक्के, या आकड्याचं आहे.

नोकरी सोडताना तपासणी करणाऱ्या रिलीज मेडिकल बोर्डात मला टेबलावर आडवं करून गुडघा वाकवायला सांगितला, तो वाकला, आणि कागदावर 15-19 टक्के आले. साहेब, आडव्या माणसाचा गुडघा वाकतोच हो. जिना उतरताना तो सटकतो, उकिडवं बसता येत नाही, जरा जास्त चाललं की संध्याकाळी सूज चढते, हे कुणी विचारलंच नाही.

आता या आकड्याने काय होतं बघा. आमच्या जुन्या नियमांत टर्म पूर्ण करून आलेल्या माणसाला 20 च्या खाली असेल तर डिसॅबिलिटी एलिमेंट, म्हणजे पेन्शनमधला अपंगत्वाचा भाग, शून्य. आणि 20 लिहिले असते तर राउंडिंग ऑफने त्याचे 50 धरतात, म्हणजे शेवटच्या पगाराच्या 15 टक्के, आयुष्यभर. तोही हक्क आमच्यासारख्यांना 10 डिसेंबर 2014 ला सुप्रीम कोर्टाने राम अवतार केसमध्ये दिला, तिथेही समोर सरकारच उभं होतं याचं फार वाईट वाटतं. एका टक्क्यावर एवढं अवलंबून असेल तर तो टक्का कसा काढला ते लिहायला नको का? 2013 च्या धरमवीर सिंग निकालात कोर्टाने बोर्डाला कारणं द्यायला सांगितली, ते आजार सर्व्हिसमुळे झाला का याबद्दल होतं, पण मग टक्क्यांना वेगळा न्याय का?

पहिल्या अपीलचं उत्तर चार ओळींचं आलं, बोर्डाचं मत कायम. कुणी बोलावलं नाही, पाय बघितला नाही, फक्त फाइल बघितली. दुसरं अपीलही फेटाळलं तर पुढे ट्रिब्युनल, म्हणजे सैन्याचं न्यायाधिकरण आहे, पण वकील लावून तारखांना फिरायची ताकद प्रत्येक जवानात नसते आणि खूप जण इथेच सोडून देतात.

म्हणून विनंती एवढीच की 20 च्या आतबाहेर असलेल्या प्रत्येक अपीलात हाडांच्या दुसऱ्या डॉक्टरने माणसाला समोर उभं करून तपासावं आणि गुडघा किती अंशात वाकला, वजन टाकल्यावर काय झालं हे लिहावं. माझं दुसरं अपील तुमच्याकडे पडून आहे. बोलवाल तिथे मी येतो, फक्त या वेळी मला एक जिना उतरायला लावा.

आपला,
एक माजी हवालदार