ट्रान्सफॉर्मर तेलाच्या डीजीए अहवालातील चुकीच्या निष्कर्षाबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
तेल चाचणी विभाग

विषय: मुख्य ट्रान्सफॉर्मरच्या डीजीए अहवालातील चुकीचा शेरा आणि त्यानंतर दिलेला धोकादायक सल्ला

महोदय,

आमच्या कारखान्यातील मुख्य ट्रान्सफॉर्मरच्या तेलाची डीजीए चाचणी (तेलात विरघळलेल्या वायूंची तपासणी) दरवर्षी तुमच्याकडून करून घेतली जाते. यंदाच्या अहवालावर ‘सर्व वायू मर्यादेत, पुढील नमुना एक वर्षाने’ असा शेरा होता. काही आठवड्यांतच बुकॉल्झ रिलेचा (ट्रान्सफॉर्मरच्या आत वायू साचला की इशारा देणाऱ्या उपकरणाचा) अलार्म वाजला. कामावरच्या ऑपरेटरने वेळ न दवडता भार काढून ट्रान्सफॉर्मर बंद केला, म्हणून निभावले. वाइंडिंग रेझिस्टन्स (तारेच्या गुंडाळ्यांचा विद्युतरोध) मोजला तेव्हा एका फेजचा आकडा वेगळा आला. टाकी उघडल्यावर टॅप स्विचकडे (व्होल्टेज कमी-जास्त करणाऱ्या स्विचकडे) जाणाऱ्या एका लीडवरचा (जोडतारेवरचा) कागद जळालेला आणि तांब्यावर आर्कने (विजेच्या ठिणगीने) पडलेले खड्डे दिसले.

हे सगळे तुमच्याच अहवालात होते. आकडे तुम्ही दिलेत, वाचले मात्र चुकीचे.

तुमचे आकडे असे: हायड्रोजन १३०, मिथेन ४०, इथेन १२, एथिलीन ४५ आणि ॲसिटिलीन ३५ पीपीएम (दशलक्षात इतके भाग). ॲसिटिलीनसमोर मर्यादा छापली आहे २८०. ही मर्यादा आली कुठून, याचा शोध घेतल्यावर चूक लक्षात आली. आयईसी ६०५९९ या आंतरराष्ट्रीय मानकात ॲसिटिलीनची ६० ते २८० ही नेहमीची पातळी दिली आहे ती ज्या ट्रान्सफॉर्मरमध्ये ओएलटीसीचे (भार चालू असतानाच टॅप बदलणाऱ्या यंत्रणेचे) तेल मुख्य टाकीतल्या तेलात मिसळते त्यांच्यासाठी. अशा ओएलटीसीत प्रत्येक टॅप बदलताना ठिणगी पडते, त्यामुळे तिथे ॲसिटिलीन असणारच. आमच्या ट्रान्सफॉर्मरला ओएलटीसी नाही, ऑफ-सर्किट टॅप स्विच (ट्रान्सफॉर्मर बंद करूनच बदलायचा) आहे, आणि नमुन्यासोबतच्या फॉर्मवर तसे स्पष्ट लिहिले होते. अशा ट्रान्सफॉर्मरसाठी त्याच तक्त्यात २ ते २० ही पातळी आहे. म्हणजे ३५ हा आकडा वरच्या टोकाच्याही पुढे गेला होता.

तक्ता बाजूला ठेवला तरी गेल्या वर्षीचा अहवाल तुमच्याच दप्तरी होता. त्यात ॲसिटिलीन १ पीपीएम होते. एकावरून पस्तीसवर गेलेला आकडा पाहून कोणालाही फोन करावासा वाटला नाही, याचे मला सर्वांत जास्त वाईट वाटते. वायू किती आहे यापेक्षा तो किती वेगाने वाढतो आहे, हे दोष ओळखताना कितीतरी जास्त सांगून जाते. दोन अहवाल शेजारी ठेवायला कोणतेही उपकरण लागत नाही.

गुणोत्तरेही काढलेली नाहीत. ॲसिटिलीन भागिले एथिलीन सुमारे ०.७८, मिथेन भागिले हायड्रोजन सुमारे ०.३१, एथिलीन भागिले इथेन ३.७५. तिन्ही मिळून डी२, म्हणजे जास्त ऊर्जेचा डिस्चार्ज, हाच निष्कर्ष निघतो. डुव्हाल त्रिकोणात (तीन वायूंच्या टक्केवारीवरून दोष ओळखण्याच्या आकृतीत) मिथेन ३३, एथिलीन ३८ आणि ॲसिटिलीन २९ टक्के धरून बिंदू मांडला तर तोही डी२ मध्येच पडतो.

यापुढचा प्रकार मला जास्त गंभीर वाटतो. ॲसिटिलीनबद्दल शंका आली म्हणून मी तुमच्या प्रतिनिधीला फोन केला होता. उत्तर मिळाले, ‘बीडीव्ही (तेल किती व्होल्टेज सहन करते तो आकडा) उत्तम आहे, तरी चिंता वाटत असेल तर तेल फिल्टर करून घ्या, वायू निघून जातील.’ निघून जातीलच, पण दोष जागेवरच राहील! व्हॅक्यूमखाली तेल फिल्टर केले की विरघळलेले वायू जातात आणि त्यांच्याबरोबर पुरावाही जातो. पुढचा नमुना स्वच्छ येतो आणि आत आर्क चालूच राहतो. बीडीव्हीवरून तेलातला ओलावा आणि कचरा कळतो, वाइंडिंगजवळ काय जळते आहे ते कळत नाही. हा सल्ला आम्ही मानला असता तर अलार्मनंतर काय शोधायचे हेही कळले नसते. शेकडो लिटर तेलाच्या टाकीत आर्क पेटलेला असताना शेजारी माणसे काम करत असतात, हे सल्ला देणाऱ्याच्या ध्यानात असायला हवे होते.

नमुना घेण्याबद्दलही एक सांगायचे आहे. तुमच्या माणसाने तेल प्लास्टिकच्या बाटलीत नेले. हायड्रोजन त्यातून सहज निसटतो. डीजीएसाठी कॉक लावलेली काचेची सिरिंज, आत बुडबुडा नाही, उजेडापासून झाकलेली, हे तुम्हाला मी सांगावे लागू नये. प्रत्यक्षात हायड्रोजन १३० पेक्षा जास्त असण्याचीही शक्यता आहे.

माझ्या मागण्या: योग्य तक्ता लावून सुधारित अहवाल आणि चूक का झाली याचे लेखी कारण १५ दिवसांत द्यावे, या चाचणीचे शुल्क परत करावे, यापुढे आमच्या प्रत्येक अहवालात मागील वर्षीचे आकडे शेजारी छापावेत. आणि ज्या इतर ग्राहकांच्या ओएलटीसी नसलेल्या ट्रान्सफॉर्मरना हीच २८० ची मर्यादा लावली असेल, त्यांचे अहवाल आधी तपासून त्यांना कळवावे. आमचा दोष सापडला, त्यांचा अजून आत असू शकतो. या शेवटच्या मागणीसाठी १५ दिवस थांबू नये.

आपला,
देखभाल प्रमुख (विद्युत)

सोबत: दोन्ही वर्षांचे अहवाल, नमुन्यासोबतच्या फॉर्मची प्रत, जळालेल्या लीडची छायाचित्रे