बंड्यास पत्र : माळावरच्या अकरा एकरांबद्दल

बंड्या,

दीड वर्षात तुझ्या मेसेजना नुसता अंगठा दाखवत आलो. शिव्या घालून मोकळा हो. शुगर काबूत, गुडघा तसाच. आता ऐक.

माळावरच्या आमच्या अकरा एकरांना सोलरवाले आलेत. भाड्यानं, तीस वर्षांचा करार. मुरमाड रान, करडईसुद्धा धड येत नाही, नि हे वर्षाला चेक देणार. घरात सगळे खूश. कागद नऊ दिवस टेबलावर पडलाय, सही होईना. बायकोला म्हटलं, चष्मा सापडत नाही. तो डोळ्यांवरच होता.

परवा सांजच्याला त्या बाभळीपाशी गेलो होतो. लूना आडवी टाकून आपण कुसळांतनं पोटावर सरकत गेलो होतो ना, तिथंच. माळढोकाचा नर, गळ्याची पांढरी पिशवी फुगवून छातीखाली लोंबवलेली, शेपूट पाठीवर उलटी, आणि तो 'हूंऽम'. तू म्हणालास, "कुणाचातरी रेडा सुटलाय."

आता पलीकडं बोअरवरचा ऊस. ढोक काही दिसला नाही. अख्ख्या देशात दीडशेच्या आत उरलेत म्हणतात, बहुतेक जैसलमेरकडं. तिकडं २०१९ पासून अंडी उचलून यंत्रात उबवतात. मादी एका खेपेला बहुधा एकच अंडं घालणार, तेही उघड्या जमिनीवर. कुत्र्यानं नेलं की झालं. त्यात विजेच्या तारा. डोळे दोन बाजूंना, उडताना समोरचं नीट दिसत नाही, नि दिसलं तरी एवढं जड धूड ऐनवेळी वळत नाही. सोलरची वीज न्यायला तारा लागणारच. पण ढोकच नाही तर आपटणार कोण? हे मी रोज स्वतःला समजावतो.

खरं टोचतंय ते तुझ्या तात्यांचं. १९७९ ला माळढोकासाठी अभयारण्य काढलं ते ८,४९६ चौरस किलोमीटरचं, तालुकेच्या तालुके आत. वैशूच्या लग्नाला तात्यांनी रान विकायला काढलं, ते त्यातच अडकलं. नि मी दीडशहाणा तुमच्याच ओसरीवर, तुमचाच चहा पीत म्हणालो, "तात्या, रान काय, पुन्हा घेता येईल. पक्षी कुठनं आणणार?" तात्यांनी कप उचलून आत नेला. तू चार महिने बोलला नाहीस. पुढं १,२२२ वर आणलं, आमचं रानही बाहेर आलं, पण तोवर तात्या गेले होते. आणि आता चेकचा आकडा मीच पुन्हा पुन्हा मोजतोय.

चिमीच्या निकालाचं कळलं, पेढे उधार. फ्लॅटचा ताबा मिळाला का? वहिनींना नमस्कार.

सोलरवाला गुरुवारी येतोय. बुधवारी रात्री फोन कर. जेवण झाल्यावर कर, म्हणजे गच्चीवर जाऊन बोलता येईल.

तुझा,
अण्णा

ता.क. तो रेडा नव्हता.