सक्करदऱ्याच्या मेडिकलवाल्या काकाजींना

काकाजी, सादर नमस्कार.

"आमचं कामच आहे ते," असं म्हणून तुम्ही हे पत्र गल्ल्यात सारून द्याल. तरी लिहिते.

आईची डावी पापणी संध्याकाळी खाली यायची आणि सकाळी ठीक असायची. एका डॉक्टरांनी "वय झालं" म्हणत व्हिटॅमिन लिहून दिलं. ते घ्यायला ती आली, तर तुम्ही विचारलंत, "ताई, जेवताना जबडा थकते का? एकाचे दोन दिसतात का?" दोन्हीला हो. गोळ्या न विकता न्यूरोलॉजिस्टकडे पाठवणारा दुकानदार मी तरी दुसरा पाहिला नाही.

तिथे मिटलेल्या पापणीवर दोन मिनिटं बर्फ धरला आणि पापणी वर आली! रक्तात अँटिबॉडी सापडल्या. मायस्थेनिया ग्रॅव्हिस, म्हणजे स्नायू लवकर थकवणारा आजार. या आजारात छातीतल्या थायमस ग्रंथीत कधी गाठ असते, म्हणून छातीचा सीटीही झाला, नशिबाने गाठ नव्हती.

रिपोर्ट आम्हाला कळला तो तुमच्या काउंटरवर. नस ॲसिटिलकोलिन नावाचं रसायन सोडते, ते घ्यायला स्नायूवर जागा असतात, त्या जागा शरीराच्याच अँटिबॉडी अडवतात, "एस.टी.त रुमाल टाकल्यावानी". पायरिडोस्टिग्मिनची गोळी ते रसायन लवकर मोडू देत नाही, म्हणून उरलेल्या जागांवर भागतं. मूळ भांडण शमवायला स्टिरॉइड वेगळं. आई हे आता शेजारणींना शिकवते.

खरे आभार मात्र मे महिन्यातल्या त्या रात्रीचे. कूलर गरम हवा फेकत होता, आणि उकाड्यात हा अशक्तपणा तसाही वाढतो. आईला ताप, घसा धरलेला. भलत्याच डॉक्टरांची चिठ्ठी, तुमचं शटर अर्धं खाली. तुम्ही ॲझिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकची स्ट्रिप काढलीत आणि परत ठेवलीत. "हे या आजारात श्वासावर जाऊ शकते." मग न्यूरोलॉजिस्टना फोन लावून औषध बदलून घेतलंत. मागून कोणी "किती टाइम लावता बे" म्हणत होता. तुम्ही मान वर केली नाही. मला मात्र बजावलंत: गिळता येईना किंवा दम लागला, तर सकाळची वाट पाहायची नाही, सरळ ॲम्ब्युलन्स.

बिलामागे या आजारात जपून घ्यायच्या औषधांची यादीही दिलीत: सिप्रोफ्लॉक्सासिन, जेंटामायसिन, मॅग्नेशियमचं इंजेक्शन, बीपीच्या काही गोळ्या. खाली जाड अक्षरात, "डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू नाही, बंदही नाही." न्यूरोलॉजिस्टनी ती वाचून त्यावर सहीच केली.

पुढच्या आठवड्यात आईची दाढ काढायची आहे. डेंटिस्टना यादी दाखवली, तरी आई म्हणते, "चिठ्ठी आधी काकाजींना दाखवू." दुकान बंद करू नका, सातपर्यंत पोचतो.

तुमची,
ताईंची मुलगी