हाडाच्या इंजेक्शनाला नकार देणाऱ्या डॉक्टरांस

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सादर नमस्कार.

माझ्या थोरल्या भावाच्या नडगीचे न जुळलेले हाड आपण जुळवलेत, त्याबद्दल आम्ही ऋणी आहोतच. परंतु जाहीर पत्र लिहिण्याचे कारण वेगळे आहे. मोबाइलवर ‘हाड वाढवणारे इंजेक्शन’ पाहून तेच हवे, असा हट्ट धरणाऱ्या एका यंत्रमाग कामगाराला, म्हणजे माझ्या या भावालाच, आपण ओपीडीच्या गर्दीत समोर बसवून त्या इंजेक्शनाचे सारे शास्त्र उलगडून सांगितलेत आणि मगच नकार दिलात.

हाडातच नवे हाड घडवणारे संकेत असतात, हे मार्शल युरिस्ट यांनी १९६५ मध्ये दाखवले. त्यांपैकी बीएमपी-२ हे प्रथिन कोलॅजनच्या स्पंजात भिजवून मणक्याच्या शस्त्रक्रियेत वापरण्यास अमेरिकेत २००२ मध्ये मान्यता मिळाली. मात्र स्पंजातून बरेचसे प्रथिन पहिल्या काही दिवसांतच निघून जाते, म्हणून मात्रा नैसर्गिक प्रमाणाच्या कितीतरी पट द्यावी लागते, आणि मग सूज येते किंवा नको तेथे हाड वाढते; मानेच्या मणक्यात वापरल्यावर श्वास कोंडण्याइतकी सूज आल्याच्या तक्रारींमुळे २००८ मध्ये तेथील औषध प्रशासनाने इशाराही दिला.

येथे आपण उदाहरणासाठी त्याच्या यंत्रमागाकडे वळलात. बीमवरचे, म्हणजे मागावरच्या रुळाला गुंडाळलेले, सूत एकदम सुटले तर गुंता होतो. कापड विणले जाईल तसतसेच ते सुटायला हवे. संशोधकांची धडपड नेमकी यासाठी चालली आहे. कोळंबी-खेकड्यांच्या कवचांपासून मिळणाऱ्या कायटोसानचे एक द्रावण सिरिंजमध्ये पातळ असते, पण शरीराच्या ३७ अंश तापमानाला घट्ट होते, त्यामुळे हाडातील वेडीवाकडी फटही भरून निघते. त्यात मिसळलेले जिलेटिनचे सूक्ष्म गोळे विरघळतील तसे प्रथिन हळूहळू झिरपते. काही जेलमधून तर पेशी आपल्या विकरांनी जेवढे कुरतडतील, तेवढेच प्रथिन मोकळे होते. (हे ऐकून भावाचा चेहरा खुलला, सूत बेताने सोडण्याच्या कामात त्याला कोणी शिकवायला नको.) आधी रक्तवाहिन्या वाढवणारा संकेत, मग हाड वाढवणारा, असा क्रम साधण्याचेही प्रयत्न चालू आहेत.

तरीही अशा जेलला अंगचे बळ नसते, नडगीचा भार पेलायला प्लेट लागतेच, आणि यातील बहुतेक काम अद्याप प्रयोगशाळेत व प्राण्यांवर चालले आहे, हेही आपण आडपडदा न ठेवता सांगितलेत. त्याच्याच कमरेच्या हाडाचा तुकडा वापरलात, कारण त्यात जिवंत पेशी, संकेत आणि आधार हे तिन्ही असतात. पुढे पायापेक्षा कमरच अधिक दुखते, अशी कुरकुर त्याने केली. तीही शक्यता आपण आधीच बोलून दाखवली होती. एक्स-रेवर फटीभोवतीचा ढगासारखा पांढुरका भाग आपण पेनाने दाखवलात, तेव्हा तो कॅलस, म्हणजे फट सांधणारे नवे हाड आहे, हे त्यानेच मला सांगितले.

त्याच्या कारखान्यातील आणखी दोघे तोच व्हिडिओ घेऊन आपल्याकडे येणार आहेत. त्यांनाही असेच बसवून सांगावे, ही विनंती.

आपली नम्र,
रुग्णाची धाकटी बहीण
साखर पेठ, सोलापूर